बेशिनाचे पिवळे नळ

टपाल नाका, पनवेल
ता. ९ डिसेंबर १९६१

चिरंजीव सत्यवतीस बुधाजीदादाचा आशीर्वाद. (नावाआधी गं. भा. लिहायचं असतं असं सूनबाई सांगत होती. वर्ष उलटलं तरी मला ते लिहवत नाय, म्हणून चिरंजीववर भागवलंय.) पत्र वाचून दाखवणारे तुळशीराम मास्तर यांना नमस्कार. मास्तर, चष्मा पुसून घ्या आणि सावकाश वाचा. माझं अक्षर चौथीत होतं तिथंच रायलंय. मधे थांबून तिला अर्थ सांगत बसू नका. तिला अर्थ सगळा कळतो, ऐकायचं तेवढं ती ऐकत नाय.

इकडं सगळं ठीक हाय. तुझ्या हौसावयनीचा खोकला गेला, माझी एक दाढ गेली, दोन्ही गोष्टींनी घर शांत झालं. तुझा गुडघा कसा हाय? बरा हाय असं कळवू नकोस. गोदू परवा सुकट घेऊन आमच्या बाजारात आली होती. तू चुलीपुढं पडलीस, सकाळपासून दुपारपर्यंत तशीच पडून रायलीस, आणि ती शेजारीण म्हणून विळी मागायला आली तेव्हा तिनं तुला उठवलं, हे सगळं मला कळलंय. दादाला सांगू नको अशी तू तिला शपथ घातली होतीस म्हणे. तिनं ती पाळली. मला एक शब्द सांगितला नाय. मी शेजारी बसलेला असताना हौसाला सांगितला. गोदूवर रागावू नकोस. तिनं विळी पण परत केली असेल.

आता मुद्द्याचं. आमचा मेव्हणा शिवा गेल्यापासून मी तुला तीनदा सांगितलं की करंजाचं घर बंद कर आणि पनवेलला कायमची ये, आणि तीनदा तू नाय म्हणालीस. श्रावणात आलीस ती तिसऱ्या दिवशी उठून गेलीस, का तर बंद घराला वाळवी लागते. (तीन दिवसांत वाळवी घर खात नाय. मी पण घरं बघितलीत.) खरं कारण तू नंतर मास्तरांच्या हातून लिहून पाठवलंस. तुला मोरीत खाली बसता येत नाय, बसलीस तर उठता येत नाय, म्हणून आमची सून दमयंती तांब्यानं पाणी ओतायची आणि तू उभ्यानं वाकून तोंड धुवायचीस. ती पोर हसत ओतायची. तुला ते टोचलं. ज्या घरात तोंड धुवायला दुसऱ्याचा हात लागतो त्या घरात मी रायची नाय, असं तुझं वाक्य हाय. मास्तरांनी खाली रेघ पण मारली होती, ती तू सांगितलीस की त्यांनी आपणहून मारली ते कळलं नाय.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि गवंड्याला बोलावलं. उभ्यानं तोंड धुवायचं ना? मग बेशिन बसवू. वाद मिटला. एका दिवसाचं काम, असं मला वाटलं होतं. ही गोष्ट आश्विनातली हाय.

गवंड्यानं पयला प्रश्न विचारला, बेशिन किती उंचीवर? मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या उंचीवर. तो म्हणाला, बहीण कुठं हाय? आता तू करंजाला. तेवढ्यात दारावरून गोदू चालली होती, ती आणि तू लहानपणापासून एका उंचीच्या, म्हणून तिला आत घेतली, टोपली खाली ठेवायला लावली, आणि भिंतीसमोर उभी करून चूळ भरल्यासारखं कर म्हटलं. ती बिचारी चार वेळा हवेत चूळ भरून गेली. गवंड्यानं भिंतीवर कोळशानं खूण केली. गोदूला ते काय चाललंय हे शेवटपर्यंत सांगितलं नाय, कारण तिला सांगितलं तर तुला कळणार आणि तू तिकडूनच नको म्हणणार. घराघरांत आता अशी हकिगत फिरतेय की बुधाजी बाजारातल्या बायकांना घरात बोलावून चुळा भरायला लावतो. फिरू दे.

बेशिन आलं, पांढरं शुभ्र. त्याला वर दोन भोकं. आता नळाचा प्रश्न. बेशिन येतंय म्हटल्यावर दमयंती हरखली होती. तिच्या मावशीकडं दादरला निकेलचे नळ हायत, पांढरे, तोंड दिसेल असे, तसेच आणा म्हणून तिनं हळूच सुचवलं. (ती मोठ्यानं काय मागत नाय. हळू मागते आणि मिळेपर्यंत मागते.) मी सांगून टाकलं, पांढरा नळ ह्या घरात लागायचा नाय, पिवळा लागेल. का, ते सांगितलं नाय. घरातल्या मोठ्या माणसानं सांगितलं की झालं, अशी माझी समजूत हाय आणि ती बरीचशी चुकीची हाय, हे पुढं कळेलच.

तुला मात्र कारण सांगतो. शिवाला मुंबईला इस्पितळात ठेवला होता तेव्हा तू सतरा दिवस त्याच्या खाटेपाशी बसून होतीस. समोर भिंतीला पांढरं बेशिन आणि त्याच्यावर तो पांढरा चकचकीत नळ. मी भेटायला आलो तेव्हा तू मला म्हणालीस, "दादा, त्या नळाकडं बघितलं की गार वाटतं, म्हणून मी त्याच्याकडं पाठ करून बसते." तू विसरली असशील. मी नाय विसरलो. बेशिन पांढरंच मिळतं, त्याला माझा इलाज नाय. पण रोज सकाळी उठून तू तसला नळ हातात धरायचास, हे मला पटेना. बस, एवढंच कारण. फार काय मोठी गोष्ट नाय.

नळ बसवायला आमचा शकील. मोहल्ल्यातला, तुला आठवत असेल, त्याच्या आईकडून आपण ईदेला शेवया आणायचो. दहा वर्षं आगबोटीवर नळांचं काम करून परत आलाय आणि पनवेलात जे कोण नळ घेतात ते त्यालाच बोलावतात. तो म्हणाला, काका, बेशिनाचा पिवळा नळ इथं मिळायचा नाय, मुंबईला लोहार चाळीत जायला पायजे. मी म्हटलं, पितळेचा नळ मिळत नाय? पनवेलला पितळेचा हत्ती मिळेल. तो म्हणाला, मिळतो तो मोरीचा, भिंतीतून निघतो. बेशिनाचा खालून उभा येतो. मग गेलो आमी दोघं, यष्टीनं, ठाण्यावरून. मी घरून निघताना हौसाचं पितळेचं फुलपात्र पिशवीत टाकलं होतं, रंग जुळवायला. तुझ्या लग्नातल्या हंड्याचा आणि त्याचा रंग एक हाय, एकाच दुकानातले ते.

दुकानात गेलो तर नळच नळ. माणसं जेवढी नसतील तेवढे. मी फुलपात्र काढून फळीवर ठेवलं आणि सांगितलं, असं पायजे. दुकानदारानं ते उचललं, माठातलं पाणी भरलं आणि अदबीनं माझ्या हातात दिलं. लांबून आलोय, तहान लागली असेल असं त्याला वाटलं. मी पिऊन टाकलं, परत फळीवर ठेवलं. त्यानं परत भरलं. मी परत प्यालो. (दिलेलं पाणी नाय कसं म्हणणार?) तिसऱ्या वेळेला तो माठाकडं वळला तेव्हा शकीलनं त्याचा हात धरला आणि सांगितलं की काकांना पाणी नको, रंग पायजे.

मग त्यानं नळ काढले. पयला तांबूस, उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचा. असल्या नळाखाली मी हात धुवायचो नाय. दुसरा सोनेरी, लग्नाच्या मांडवात बेगड लावतात तसा. त्याच्यावर नख फिरवलं तर दुकानदार कळवळला. तिसरा काळपट पिवळा, मुद्दाम जुना दिसेल असा केलेला, आणि तो सगळ्यांत महाग. मोठी माणसं असला घेतात म्हणे. मी सांगितलं, जुनं दिसणारं आमच्याकडं मी हाय तेवढं पुरे. तो माणूस दमणारा नव्हता. एकेक नळ हातात घेऊन सांगायचा की काका, हा रंग बघा, ह्या रंगात ऊब हाय, पाहुणा तोंड धुवायला गेला तर त्याला आपल्याच घरात आल्यासारखं वाटतं. मी लगेच हात लावून बघितला. थंडगार. पण खोटं कशाला सांगू, ते वाक्य मला आवडलं. मी ते लक्षात ठेवलं. एवढं बोलायला त्याला जमतं म्हणून तो लोहार चाळीत दुकान घालून बसलाय आणि मी मिठागरावर उभा हाय.

शेवटी मीच विचारलं, हे जे निकेलचे पांढरे नळ हायत ते आतून कशाचे? तो म्हणाला, पितळेचेच, वरून निकेलचं पाणी चढवलेलं. मी म्हटलं, मग न चढवलेले काढा की. एवढी साधी गोष्ट. त्यानं मागच्या खोलीतून एक जोड आणला, साधा पिवळा, फुलपात्राशेजारी ठेवला तर कुठलं फुलपात्र आणि कुठला नळ कळेना. मुठीला चार कान, म्हणजे ओला हात असला, बोटं आखडलेली असली तरी फिरवता येतो. (तुझी बोटं थंडीत आखडतात, ते गोदूनं नाय सांगितलं, ते मीच बघितलंय.) मुठीच्या डोक्यावर पांढरी टिकली आणि तिच्यावर एकेक इंग्रजी अक्षर. शकील म्हणाला, एक गरम पाण्याचा, एक थंड पाण्याचा. मी म्हटलं, पनवेलला नळाला गरम पाणी येतं ते वैशाखात, आणि तेव्हा ते कुणाला नको असतं. एकच द्या, दुसऱ्या भोकात लाकडाचं बूच मारू. दुकानदार म्हणाला, जोड फुटत नाय. दोन आणले.

एवढ्यावरच संपलं असतं. पण शकीलला उलव्याला काम निघालं आणि तो आठवडाभर आला नाय. नळ फडताळात ठेवले होते. मी मिठागरावर गेलो होतो. आणि आळीत कल्हईवाला आला.

तुझी वयनी कशी हाय ते तुला ठाऊक. पितळेचं भांडं घरात आलं की तिला आधी कल्हई दिसते. तिनं दोन पातेली काढली, एक परात काढली, आणि त्यांच्यावर ते दोन नळ ठेवून बाहेर नेऊन दिले. मी नंतर विचारलं तेव्हा तिचं उत्तर तयार होतं. "पितळ ते पितळ. बिनकल्हईच्या पितळेतलं पाणी नणंदेच्या तोंडात घालू? कळकून बाधलं म्हंजे? आधीच ती काय कमी बोलते?" चाळीस वर्षं ज्या बाईनं बिनकल्हईच्या भांड्यात आमटी ठेवली नाय, तिनं बिनकल्हईच्या नळातून पाणी कसं येऊ द्यावं? चूक तिची नाय. चूक असलीच तर नळाची हाय, तो भांड्यासारखा दिसत नाय आणि पितळेचा असतो.

कल्हईवाल्यानं उभ्या जन्मात नळाला कल्हई केली नव्हती. पण नाय म्हणणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्यानं दोन्ही नळ भट्टीत लाल केले. आत चामड्याच्या चकत्या असतात त्या जळाल्या, आणि असा वास सुटला की पलीकडच्या भामाबाईनं येऊन विचारलं, आज काय शिजवताय. पांढऱ्या टिकल्या फट्‌ फट्‌ करून उडाल्या, त्या अजून सापडल्या नायत. मग त्यानं नवसागर टाकला, कथील लावलं, आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवलं. आत त्याचा हात जाईना. म्हणून बाहेरून केली. आतून किती झाली देव जाणे, बाहेरून त्यानं एक ठिपका सोडला नाय. मुठी कथलानं जागच्या जागी बसल्या, चार माणसांनी पिळलं तरी फिरायच्या नायत. आणि रंग? सत्यवती, मी मुंबईला जाऊन, दोन फुलपात्रं पाणी पिऊन जो पिवळा रंग आणला होता, तो आता इस्पितळातल्या नळापेक्षा पांढरा झाला होता.

मी संध्याकाळी आलो तर हौसानं ते ताटात मांडून माझ्यापुढं ठेवले. शेजारी दमयंती उभी होती. ती एवढंच म्हणाली की मामंजी, आता छान दिसतात.

मी तसाच ओट्यावर जाऊन बसलो. (मी बोलतो तेव्हा हौसा ऐकत नाय आणि बोलत नाय तेव्हा घाबरते. चाळीस वर्षांत मला हे एवढंच हत्यार सापडलंय.) थोड्या वेळानं ती बाहेर येऊन बसली, मग दमयंती येऊन दारात उभी रायली, आणि तेव्हा मी त्यांना ते इस्पितळाचं सांगितलं. तू काय म्हणालीस ते पण सांगितलं. पिवळा कशाला ते आधी सांगायला काय झालं होतं, असं हौसानं विचारलं. मी म्हटलं, सांगण्यासारखं काय होतं त्यात. ती म्हणाली, "हेच. तुमची बहीण पन अशीच. पडली तरी सांगायची नाय." आणि उठून आत गेली.

सकाळी उठून बघतो तर ती मोरीत चिंच आणि रांगोळी घेऊन नळ घासत बसलेली. कल्हई चिंचेनं जात नाय हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तरी घासत होती. आणि दुसरा नळ घेऊन समोर दमयंती. जिला पांढरा पायजे होता ती पिवळा करायला बसली होती. दोन दिवस दोघींनी घासले. आमटीत मीठ नव्हतं, भाताला बुडाचा वास येत होता, मी मुकाट जेवलो. दोन दिवसांनी एका नळाच्या चोचीवर चवलीच्या नाण्याएवढा पिवळा ठिपका निघाला, तो मला हाक मारून दाखवला.

मग शकील उगवला. त्यानं नळ हातात घेतले, उजेडाकडं धरले, आणि खाली बसला. "काका," म्हणाला, "दहा वर्षं आगबोटीवर काढली. फुटलेला नळ बघितला, चोरलेला बघितला, दर्यात पडलेला बघितला. कल्हई केलेला नळ अल्लाच्या कृपेनं आज बघितला." हौसा म्हणाली, हसायला काय झालं, तुझ्या आईनं पण हेच केलं असतं. त्यानं जरा विचार केला आणि कबूल केलं. त्याच्या आईनं केलंच असतं.

पण माणूस कामाचा. नळ घरी नेऊन त्यानं तापवून मुठी सोडवल्या. आतल्या चकत्या माझ्या जुन्या वहाणेच्या कातड्याच्या कापल्या. (म्हणजे आता त्या नळात माझी वहाण हाय. पाण्याला वास येत नाय, मी बघितलं.) वरची कल्हई भांड्यांच्या दुकानात मशिनीवर धरून काढून आणली. सगळी गेली नाय. खाचांत थोडी पांढरी रेघ रायलीय. लांबून दिसत नाय, आणि जवळून बघायला तुला चष्मा नाय. अंगानं मात्र नळ पिवळेच झालेत, पयल्यापेक्षा जरा जास्तच, दोघींनी घासल्यामुळं असेल.

दुसऱ्या नळाचं काम पण त्यानंच काढलं. आपला तांब्याचा बंब हाय ना, तो त्यानं न्हाणीच्या भिंतीबाहेर चौथरा बांधून त्याच्यावर चढवला आणि तिथून आत नळी काढली. आता सकाळी हौसा बंब पेटवते आणि दुसऱ्या नळाला गरम पाणी येतं. पनवेलात दुसरीकडं कुठं येत असेल तर मला ठाऊक नाय. पयल्या दिवशी भामाबाई बघायला आली आणि चटका बसून गेली. मी पण हात लावून बघितला. बंब पेटला की सगळा नळ ऊन होतो, मुठीपर्यंत. म्हणजे तो लोहार चाळीतला माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता, फक्त त्यानं बंबाचं सांगितलं नाय.

तर आता अशी परिस्थिती हाय. बेशिन बसलंय. नळ बसलेत. त्याच्यासमोर उभं रायलं की कुणी पाणी ओतायला लागत नाय, वाकायला लागत नाय, बसायला तर नायच नाय. तुझं वाक्य मी खोडून टाकलंय, मास्तरांच्या रेघेसकट. तरी मी तुला चौथ्यांदा कायमची ये म्हणणार नाय. तीनदा नाय ऐकून घेतलंय, मला पण मान हाय. फक्त चार दिवस ये. नळ बघ, तोंड धू, आवडलं नाय तर तसं तोंडावर सांग आणि पाचव्या दिवशी यष्टीत बस, मी स्वतः बसवून देईन. तिथं चुलीपुढं परत पडलीस आणि गोदूला विळी लागली नाय, तर? एवढाच माझा प्रश्न हाय. उत्तर नको.

मास्तरांना, गोदूला आणि आळीतल्या सगळ्यांना नमस्कार सांग. हौसा आणि दमयंती आठवण काढतात. दमयंती रोज दोन्ही नळ पुसते आणि मी बघतोय का ते बघते.

तुझा,
बुधाजीदादा

ता. क. यष्टीनं येऊ नकोस, गुडघ्याला धक्के बसतात. येत्या शुक्रवारी शकील त्याच्या मेव्हण्याची लॉरी घेऊन करंजाला येतोय. चार दिवसांच्या मुक्कामाला लॉरी कशाला असं त्याला विचारू नकोस, त्याला मी काय सांगितलेलं नाय. ती रिकामी येतेय म्हणून त्यात पाटा-वरवंटा, दोन्ही हंडे, तुझी पेटी, शिवाचा फोटो आणि गादी घालून आण. पाट्यावर वाटलेलं तुला लागतं, आमचा पाटा गुळगुळीत झालाय. चार दिवस असले तरी माणसानं नीट खावं.

ता. क. दुसरं. मास्तर, लॉरीत सामान चढवताना ती भांडायला लागली तर तुमी मधे पडू नका. तिला भांडू द्या आणि गोदूला सांगा की तोवर हंडे चढव.

ता. क. शेवटचं. हे लिहायचं नव्हतं, पण तू येऊन बघशीलच. नळांची कल्हई मशिनीवर निघत होती तेव्हा मी दुकानात बसून होतो. तिथं भांड्यांवर नावं घालणारा असतो, छिन्नीनं ठिपके ठिपके काढतो तो. आपल्याकडं नाव घातल्याशिवाय भांडं चुलीवर चढत नाय, त्याच सवयीनं त्यानं मशिनीवरून आलेला नळ मांडीवर घेतला आणि नाव विचारलं. टिकल्या उडाल्यामुळं गरम कुठला आणि थंड कुठला हे कळायला खूण पायजेच होती, म्हणून मी गरमवर घालायला सांगितलं. नाव सत्यवती. नवऱ्याचं नाव शिवा. मग त्यानं छिन्नी टेकवून विचारलं, गाव? तुझ्या हंड्यावर करंजा हाय हे मला ठाऊक हाय. मी पनवेल सांगितलं. त्यानं ठोकलं. आता ते निघत नाय, काढायचं तर नळच बदलायला लागेल, आणि नळ आणायला मी परत मुंबईला जाणार नाय.